फ्रीजमागच्या चपला

सहार विमानतळावर पप्पांनी माझी बॅग ट्रॉलीवर चढवली आणि म्हणाले, "परमुलखात चाललीस, कुणाच्या भानगडीत पडू नकोस." ते मला ओळखून होते. वसईच्या शाळेत एका पोराचा दात पाडून मी घरी आले होते.

मस्कतला अल् खुवैरमध्ये नवऱ्याबरोबर संसार थाटला, एका कंपनीत अकाउंट्स बघू लागले. काही वर्षांत आकड्यांचा वीट आला. नोकरी सोडली, रीतसर परवाना काढला आणि आमच्याच हॉलमध्ये पोरं सांभाळू लागले. इथे ऑफिसात जाणाऱ्या आयांना मूल ठेवायला आजी-मावशी कुठून मिळणार? माझा नियम एकच होता. कुणी न्यायला आलं की मुलाने स्वतःच्या चपला घालून यायचं, मगच मी बाहेरचा लोखंडी जाळीचा दरवाजा उघडणार.

रिया पाच वर्षांची. तिच्या दंडावर निळे वळ दिसले म्हणून आईला विचारलं, तर ती रडायलाच लागली. "ताई, ह्यांचा हात उठतो. मीच न्यायला येईन. त्यांच्याकडे देऊ नका."

एका दुपारी बापच आला. रियाने चपला फ्रीजमागे फेकल्या आणि माझ्या गाऊनला बिलगली. "आंटी, मला नाय जायचं. डॅडी विल हिट मी."

"माझी पोर आहे. यल्ला, चल लवकर, दरवाजा खोल," तो ओरडला. मी नाही म्हटलं. त्याने जाळीतून हात घालून तिचे केस धरले आणि ओढले. तिचं कपाळ लोखंडावर आपटलं, रक्त आलं. माझं डोकं फिरलं. तिला त्याच्या मुठीतून सोडवून मागे ढकललं आणि आतला लाकडी दरवाजा मी अंगाचा सगळा भार टाकून त्याच्या हातावर लोटला. हाड मोडल्याचा आवाज आला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"तुझं लायसन्स खलास," जिन्यातून तो किंचाळत होता. तक्रार केलीच त्याने. परवाना गेला, पोरं गेली, हॉल रिकामा झाला.

पप्पांना फोनवर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पोर बरी आहे ना?"

बरी आहे. त्याच संध्याकाळी तिची आई तिला कडेवर उचलून अनवाणीच घेऊन गेली आणि थोड्याच दिवसांत दोघी नाशिकला माहेरी परतल्या. चपला अजून फ्रीजमागेच आहेत. केर काढताना दिसतात, पण मी त्या हलवत नाही. लोक विचारतात, वसई सोडून इतकी वर्षं झाली, घर कुठलं मानतेस? जिथे त्या पोरीला चपला लपवाव्याशा वाटल्या, ते.