रेडिओवर आलेलं नाव

रेडिओच्या आठवणी काढून डोळे पुसणाऱ्या माणसांवर माझा फारसा विश्वास नाही. टीव्ही आला आणि माणसं तुटली, आधी कशी सगळी गल्ली एका रेडिओभोवती बसायची, असं कुणी सुरू केलं की मी विचारते, बसायची ते खरं, पण कान गाण्याकडे होते की डोळे एकमेकांवर? आमच्या ओसरीवर बसलेली निम्मी माणसं कोण आलं, कोण नाही आलं आणि कोण कोणत्या गाण्याला हसलं एवढंच टिपत असायची. मीही त्यातलीच. तरी एक कबूल करते, त्या आवाजाची आठवण मलाही येते. सेल उतरत आले की गाणं लांब लांब जायचं आणि आम्ही सगळे नकळत पुढे सरकायचो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीत मोडायचो. आमचं गाव जवळा बाजारपासून कोसभर. बाबा गावच्या शाळेत मास्तर. आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला रेडिओ त्यांनी आणला आणि बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवला. त्यावर अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, स्वतः विणलेला रुमाल घातला. सुई फिरवण्याचा अधिकार एकट्या बाबांचा.

बाबा हाडाचे संशयी. दूधवाला पाणी घालतो, पोरं आजारपणाच्या खोट्या चिठ्ठ्या आणतात, पाहुणा सहज म्हणून येतो तेव्हा तो सहज आलेला नसतो, अशी त्यांची ठाम मतं होती आणि बऱ्याचदा ती खरीही निघायची. रेडिओवर मात्र त्यांनी काडीइतका संशय कधी घेतला नाही. घड्याळ रेडिओवरून लावायचे. रेडिओनं पाऊस सांगितला की आभाळ कोरडं असलं तरी छत्री घेऊन शाळेत जायचे. पाऊस आला नाही तर म्हणायचे, "तिकडं औंढ्याकडं पडला असंल."

रविवारी दुपारी फर्माईशी गाणी लागायची. गाण्याआधी ते मागणाऱ्यांची नावं गावासकट वाचत. गाणी सगळ्यांना पाठच होती, माणसं बसायची ती नावांसाठी. आमच्या गावातून नाव यायचं ते एकाचंच. वेशीजवळच्या टेलरचा विशीतला मुलगा दर आठवड्याला रेडिओला पोस्टकार्ड टाकायचा. कधी नाव लागलंच तर दोन दिवस मशीनवर न बसता दुकानाच्या पायरीवर बसून राहायचा, येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारावं म्हणून. मला त्याचा भारी राग यायचा. आमची अक्का रोज कोसभर चालत हायस्कुलात जायची. आमच्या वस्तीतून मॅट्रिकपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. तिचं नाव का येऊ नये?

मी तेव्हा पाचवीत होते. बाबांच्या पेटीतून एक कोरं कार्ड काढलं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं लिहिलं, खाली अक्काचं एकटीचं नाव घातलं. बाजाराच्या दिवशी मायसोबत जवळा बाजारला गेले तेव्हा ते लाल पेटीत टाकून आले. अक्काला सांगितलं नाही. तिनं ते अचानक ऐकावं आणि तिचा चेहरा मी बघावा, एवढाच माझा बेत होता.

भादव्यातल्या एका रविवारी आमच्या गावाचं नाव आलं. मग टेलरच्या मुलाचं, आणि त्याच दमात अक्काचं. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि ओसरीकडे बघितलं. कुणीच टाळी वाजवत नव्हतं. सगळे अक्काकडे बघत होते. ती दारात बसून ज्वारी निवडत होती, तिचा हात सुपातच थांबला. गाणं प्रेमाचं होतं. दुसरं कशाचं असणार?

आता कळतं ते तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. एकाच गावातून एकाच गाण्यासाठी दोन वेगळी कार्डं गेली, तर वाचणारा दोन्ही नावं जोडून वाचणार. त्या बिचाऱ्याला काय माहीत कोण कुणाचं? पण आमच्या गावाला तेवढं पुरलं.

बाबांनी गाणं मध्येच बंद केलं. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. ओसरी रिकामी झाल्यावर त्यांनी अक्काला समोर उभं केलं.

"काय ऐकून राहिलो मी?"

"बाबा, मी कार्ड टाकलं न्हाई. मला काईच म्हाईत न्हाई."

"मग रेडिओ खोटं बोलून राहिला व्हय?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मी अक्काचं सूप उचलून आत पळाले. दुसऱ्या दिवसापासून रेडिओ परत सुरू झाला. बंद झाली ती अक्काची शाळा.

मग घरात जे सुरू झालं ते आठवलं तरी मला आजही कसंतरी होतं. बाबांनी तिच्या वह्या पानन् पान चाळल्या. माय तिच्या विहिरीच्या खेपा मोजू लागली. आणि तिच्यावर पाळत ठेवायला कुणाला नेमलं? मला. ती पाण्याला निघाली की मी मागे, मुगाच्या शेंगा तोडायला शेतात गेली की मी मागे. संध्याकाळी बाबा विचारायचे, "कोनाशी बोलली?" मी म्हणायचे, कुणाशी नाही. ते माझ्याकडेही रोखून बघायचे. सगळ्यात वाईट म्हणजे, कार्ड मी स्वतः टाकलेलं असूनही मला शंका येऊ लागली. टेलरच्या पोरानं नेमकं तेच गाणं काहून मागितलं? अक्का त्याच्या दुकानावरून जाताना मान खाली काहून घालते? घरात संशय शिरला की तो लहानथोर बघत नाही.

टेलरनं आपल्या मुलाला दोन थोबाडीत दिल्या आणि वारंगा फाट्यावर एका पाहुण्याच्या दुकानात कामाला धाडून दिलं. गाव म्हणालं, बघा, काही नव्हतं तर पळवला कशाला?

पंधरा दिवसांनी मी तोंड उघडलं. त्या पंधरा दिवसांची मला अजून लाज वाटते. बाबांसमोर रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग पाटी दिली आणि म्हणाले, अक्काचं नाव लिही. मी लिहिलं. त्यांनी पाटी उजेडात धरली.

"हे गिचमिड अक्षर रेडिओवाल्याला वाचता आलं असतं व्हय? तुला अक्कानं शिकवलं हे सांगाया."

"न्हाई बाबा, शपथ!"

"बहिणीला वाचवून राहिली तू. जा, पाणी पी."

अक्का आतून ऐकत होती. ती बाहेर आली, माझे डोळे पदरानं पुसले आणि एवढंच म्हणाली, "आधी काहून न्हाई सांगितलं गं?" ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर मॅट्रिकचे फॉर्म भरायचे होते. फॉर्म चुकला की वर्ष गेलं, आणि घरी बसलेल्या मुलीचं वर्ष गेलं की पुढचं वर्ष सासरी उजाडतं, हे मला पाचवीतही कळत होतं. म्हणून मी आणखी एक कार्ड चोरलं. या वेळी अक्षर घोटून घोटून काढलं. त्यावर बाबांचं नाव लिहिलं, आणि त्याला जोडून पिठाच्या गिरणीवर बसणाऱ्या म्हातारीचं. म्हातारी सत्तरीची. तोंडात दात नव्हता आणि कुणाची भीडही नव्हती. गाणं मी शोधून शोधून निवडलं.

त्यानंतरचे रविवार मी रेडिओपुढे बसून काढले. दिवाळी आली, गेली. नाव काही येईना. आलं तेव्हा ओसरी भरलेली होती आणि म्हातारी अगदी पुढ्यात बसलेली होती. दोन्ही नावं खणखणीत वाचली गेली आणि गाणं लागलं. मग म्हातारी म्हणाली, "अगं बया! मास्तर, आधी सांगायचं तरी, चांगलं धडकं लुगडं नेसून आले असते!"

लोक हसून हसून आडवे झाले. बाबांचा चेहरा लालबुंद. ते उठून ओरडले, "मी न्हाई टाकलं कार्ड! कुनीबी कुनाचंबी नाव लिवतंय आन् हे वाचून राहिले!"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. अक्का दारात उभी होती. तिनं आवाज चढवला नाही.

"मग रेडिओ खोटं बोलून राहिला व्हय, बाबा?"

बाबांनी रेडिओ बंद केला आणि खाली बघत म्हणाले, "उद्या शाळेत जाऊ." सकाळी ते तिला स्वतः सायकलवर घेऊन गेले. कारकुनानं सांगितलं, फॉर्म आठ दिवसांपूर्वीच बोर्डाकडे गेले. बाबांनी त्याच्याशी भांडून बघितलं, हात जोडून बघितले. उपयोग झाला नाही.

अक्काचं ते वर्ष गेलं. आलेली दोन स्थळं मात्र बाबांनी परत पाठवली, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पुढच्या साली ती परीक्षेला बसली. निकालाच्या दिवशी एकटी जवळा बाजारला चालत गेली आणि उन्हातून लाल होऊन परत आली.

"बाबा, पास झाले मी. सेकंड क्लास."

बाबा हसले, शाब्बास म्हणाले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग खुंटीवरची टोपी घेतली आणि सायकल काढली.

"आलोच. निकालाची यादी बघून येतो."

लेकीचं नाव छापलेलं डोळ्यांनी बघायचं होतं म्हणून गेले, की खात्री करायला गेले, हे मला आजही ठरवता येत नाही. अक्का उंबऱ्यात उभी राहून सायकल वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

"बघ," ती मला म्हणाली, "माझ्या तोंडचं अजूनबी पुरत न्हाई."