काचेआडच्या बैलाला आवतण

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी अजबखान्यात झाडत होते. हजारो वर्षांपूर्वीच्या मातीच्या बैलापाशी एक म्हातारे थांबले होते. सावनेरकडचे. शेत कोळशाच्या खाणीत गेलं, जोडी विकली, एवढं आपणच बोलले. मग पळसाच्या पानातलं हळद-तूप त्यांनी बोटावर घेतलं, पोळ्याआधी खांदे मळतात तसं बैलाच्या खांद्यासमोरच्या काचेला हळूहळू चोळलं आणि वाकून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

"मातीचा हाय ना गा बाबाजी. कसा येईन?"

"म्हणून तर यालेच बलावतो वं बाई. घरी कडबा कुठं हाय आता?"

ते थकल्यासारखे निघून गेले. काच पुसणं माझं काम. संध्याकाळी साहेबांनी डाग दाखवला, तेव्हा मी फडकं सापडत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही मी तेच म्हणाले.