गार्डमामाची सरकारी काठी

जिंकल्यावर माफी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा मामा. सुरतेच्या रेल्वे कॉलनीत त्याला सगळे गार्डमामा म्हणत. तापी लाईनवर मालगाडीचा गार्ड, आणि कॉलनीतल्या निम्म्या बायका आमच्यासारख्याच खानदेशातून आलेल्या, म्हणून तो सगळ्यांचाच मामा. संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये हिरव्या टेबलावर बिलियर्डचा डाव रंगायचा. मामानं एखादा अवघड चेंडू टेबलाच्या खिशात घातला की समोरच्याकडं बघून लगेच म्हणायचा, "माफ करा हं, गेला चुकून." चुकून कसला! टेबलाभोवती फेऱ्या मारून, वाकून, एक डोळा मिटून नेम धरून घातलेला असायचा.

मी तेव्हा कॉलेजसाठी मामाकडं राहायचे. पासष्ट-सहासष्टचा सुमार असेल. मामाला अपराधी वाटायला काहीही कारण पुरायचं. गाडी सिग्नलला अडकून उशिरा पोचली तर घरी येऊन असा तोंड पाडून बसायचा, जणू यानंच मागून धरून ठेवली होती. दूधवाल्यानं कमी दूध घातलं तर म्हणायचा, "आपणच पातेलं उशिरा पुढं केलं असेल." मामी चिडायची. मी तर फारच चिडायचे. "मामा, उद्या पाऊस पडला नाही तर त्याचीही माफी मागशील तू!" तो हसायचा आणि म्हणायचा, "आपल्यामुळं कुणाचं खोळंबायला नको, एवढंच." हे त्याचं पालुपद.

अशा माणसानं स्वतःसाठी काही मागावं, हे अवघडच. पण एक गोष्ट त्याला मनापासून हवी होती. बिलियर्डची स्वतःची काठी. खेळणारे तिला क्यू म्हणत, पण आमच्या कॉलनीत सगळे काठीच म्हणायचे. इन्स्टिट्यूटच्या काठ्या शेकडो हातांनी वापरून वाकलेल्या, कुणाचं टोक सैल, कुणाची मूठ सोललेली. मामा रोज त्यातली बरी काठी शोधण्यातच अर्धी संध्याकाळ घालवायचा. "हिला डावीकडं ओढ आहे," म्हणायचा, "मला हिच्या कलानं खेळावं लागतं." स्वतःच्या हाताला मापून केलेली एक सरळ काठी मिळाली तर आपण कसे खेळू, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, पण रिकाम्या हातानं नेम धरताना मी त्याला जेवणाच्या पाटावर बसल्या बसल्या पाहिलंय.

मामीलाही एक गोष्ट हवी होती आणि ती तिनं स्पष्ट सांगितली होती. झुला. सुरतेत घरोघरी लाकडी झुला. शेजारच्या गुजराती बाया संध्याकाळी झुल्यावर बसून पायानं हलका झोका देत भाजी निवडायच्या. मामी आमच्या अहिराणीत म्हणाली, "लोकेस्ना घरमा पाहा. आपलेबी एक ल्या ना." मामा म्हणाला, "आणू की." वाढलेल्या पगाराची थकबाकी हातात आली तेव्हा तो खरंच झुला सांगायला निघाला. मला बरोबर घेतलं, कारण झुल्याच्या पायांची नक्षी निवडायला बाईमाणूस हवं.

भागळच्या बाजारामागच्या गल्लीत एक म्हातारा कातारी होता, लाकूड यंत्रावर फिरवून झुल्याचे, खाटांचे पाय करायचा. त्याच्या दुकानात शिरलो आणि मामा दारातच थबकला. कोपऱ्यात कुठल्या तरी क्लबाची बिलियर्डची काठी दुरुस्तीला आलेली होती. "तुम्ही ह्या करता?" मामानं विचारलं. म्हातारा म्हणाला, करतो की. झालं! मी नक्षीचे नमुने बघत बसले आणि मामा तिकडं काठीचं बोलत राहिला. झुल्याचं नाव त्याच्या तोंडून निघालंच नाही. मी दोनदा कोपर मारलं. त्याला कळलं नाही असं मी म्हणणार नाही.

पैसे बेताचे. खास विलायती लाकूड मागवायची बात सोडा. म्हाताऱ्यानं दोन गोष्टी समोर ठेवल्या. एक, नव्या सागाची काठी, मुठीवर सुरतेचं ते बारीक रंगीत जडावकाम, फुलं आणि चांदण्या, डोळ्यांत भरणारी. दुसरा एक जुना मळकट दांडा, कुठल्या तरी मोडलेल्या व्यायामशाळेच्या डबलबारचा. "साहेब, आटला पैसामां फूल अने सीधाई बन्ने नहीं मळे," म्हातारा म्हणाला. एवढ्या पैशात फुलं आणि सरळपणा दोन्ही मिळायचं नाही. मामानं दोन्ही हातात घेतलं. फरशीवर घरंगळवून खालून उजेड कुठं दिसतो का ते पाहिलं. डोळ्याशी धरून रूळ बघावा तसं टोकापर्यंत पाहिलं. बोटावर तोलून पाहिलं. सागाची देखणी काठी फरशीवर किंचित उडत होती. जुना दांडा मुकाट घरंगळला. वर्षानुवर्षं पोरांचं वजन सोसून त्या लाकडातलं काय वाकायचं ते वाकून झालेलं होतं. मामानं तोच निवडला, मुठीला वजनासाठी शिसवी तुकडा जोडायला सांगितला, टोकाला पितळी टोपण आणि चामड्याची टिकली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "निदान फुलांची तरी घ्यायचीस." तर म्हणतो कसा, "नको गं. फुलं घेतली असती तर ती चैन झाली असती. ही सरळ आहे. ही गरज आहे." मी कपाळाला हात लावला. आणि मामीला काय सांगणार, असं विचारलं तर पावलं भराभर टाकायला लागला. मग हळूच म्हणाला, "कातारी सध्या कामात आहे, असं सांगू."

काठी तयार झाली. जोडाची दोन तुकड्यांची महाग पडत होती, म्हणून अखंड. आता माणसाएवढी काठी रेल्वेच्या दोन खोल्यांत लपवायची कुठं? मच्छरदाणीच्या बांबूंबरोबर दारामागं उभी केली. मामीच्या नजरेतून काय सुटतंय! "हाई काय शे?" मामाचा चेहरा पांढराफटक. "ती... सरकारी आहे. रेल्वेची. ड्यूटीची." मामीनं मान डोलावली. ड्यूटी म्हटल्यावर तिच्यापुरता विषय संपला. मामा मात्र त्या रात्री दोन घास कमी जेवला. मी त्याला दर दोन दिवसांनी म्हणायचे, "सांगून टाक ना बाबा एकदा!" तो म्हणायचा, "इन्स्टिट्यूटची दिवाळीची मॅच होऊ दे. त्यात खेळतो आणि मग सांगतो. तोवर झुल्याचेही पैसे जमतील." काठी तो इन्स्टिट्यूटला नेतच नव्हता. मामी घरी नसली की दारामागून काढायचा, मऊ फडक्यानं पुसायचा, हवेत नेम धरायचा आणि परत ठेवायचा.

नवरात्रात मी गावी गेले होते. दसऱ्याला सकाळी ड्यूटी संपवून परतणारा मामा मला वाटेतल्या स्टेशनात भेटला, दोघं बरोबरच घरी आलो. ओट्यावर पाट मांडलेला. त्यावर मामाचं घरी ठेवलेलं ड्यूटीचं जुनं सामान, कंदील, हिरवा आणि लाल झेंडा, शिटी, टोपी, सगळं झेंडूच्या फुलांत बसवलेलं, प्रत्येकाला हळदकुंकू. दसऱ्याला आमच्यात घरातली हत्यारं-अवजारं पुजतात. आणि त्या सगळ्याच्या मागं भिंतीला टेकून, सर्वांत मोठा हार घातलेली, ती काठी. मामी दारात उभी, कौतुकाची वाट बघत. "बठ्ठं घासीपुसी लख्ख करं," ती म्हणाली. "तुमनी सरकारी काठीबी."

लख्खच होती हो. पाण्याच्या पिंपात तिनं ती रात्रभर उभी करून ठेवली होती. पितळी टोपण चिंचेनं घासलं होतं. मग सुकायला दिवसभर कोळशाच्या शेडच्या पत्र्यावर, आश्विनातल्या उन्हात. चामड्याची टिकली निघून आली होती, ती तिनं जपून बाजूला वाटीत ठेवली होती. मामानं काठी उचलली, हार खाली ठेवला, डोळ्याशी धरली. मला तशी डोळ्याशी धरून बघायची गरज नव्हती. नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, धनुष्यच झालं होतं.

मामा पाटावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. झुला, कातारी, डबलबारचा दांडा, सगळं. खाली बघून, एका दमात. मला वाटलं, आता मामी भडकणार. ती भडकली असती तर फार बरं झालं असतं. आधी तिनं तोंडाला पदर लावला, "देवा, मन्हं चुकनं," म्हणाली. आपल्या हातून त्याची आवडती वस्तू बिघडली, हेच तिला आधी लागलं. मग पदर काढला आणि विचारलं, "तुम्ही माले इचारतात ते मी नही म्हनतू का?" मला विचारलं असतंत तर मी नाही म्हणाले असते का? इतक्या माफ्या मागणारा माणूस, त्या वेळी माफी मागायची सोडून वाटीतली टिकली बोटानं फिरवत बसला.

दिवाळीची मॅच तो इन्स्टिट्यूटच्या काठीनं खेळला आणि हरला. हरल्यावरही समोरच्याला "माफ करा" म्हणाला. पुढं मामी रोज संध्याकाळी स्वतःहून म्हणायची, "जा, खेयाले जा." आणि ती असं म्हणाली की खेळायला याचा पाय घरातून निघायचा नाही. पुढच्या वर्षी झुला आला. चांगला नक्षीदार, पितळी कड्यांचा. मामीनं त्याला कुंकू लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यावर बसवलं, मलाही बसवून झोका दिला. स्वतः मात्र खाली जमिनीवर बसून भाजी निवडायची. "माले चक्कर येस," म्हणायची. तिला उभ्या आयुष्यात कधी चक्कर आली नव्हती.

मामा रिटायर झाला आणि दोघं गावी गेली. तिथं मामी वारली, सत्तरच्या दशकाच्या अखेरीला. मी भेटायला गेले तेव्हा मामा ओसरीत एकटाच बसला होता, खूप वाळलेला. त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "मामा, आता तरी ते काठीचं मनातून काढ. मामी रागावली नव्हती रे तुझ्यावर. ती म्हणालीच होती ना, विचारलं असतं तर तिनं नाही म्हटलं नसतं."

"हो," मामा म्हणाला. "पण तिनं मला झुल्याचं विचारलं होतं गं. आणि मीही नाही म्हटलं नव्हतं."