वास्तूची पंगत जिथे जेवलो ती घरं, दहा पावसाळ्यांनंतर

सोमवारी आमच्या घराचा स्लॅब टाकायचा होता आणि शनिवारी सकाळी आम्ही नवरा-बायको अमरावती सोडून निघालो. अशा वेळी शहाणी माणसं साइटवर खुर्ची टाकून बसतात. आम्ही दुसऱ्यांच्या भिंतींची ओल बघायला चाललो होतो.

त्याचं असं झालं. भातकुली रस्त्यावरच्या प्लॉटवर आमचं घर उभं राहत होतं आणि मी महिनाभर दुकानं हिंडत होतो. दुकानातला प्रत्येक माल 'लाइफटाइम' होता. कोणाच्या लाइफचा, ते कोणी सांगत नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर घर बांधणाऱ्याची इच्छा एकच असते: पुन्हा शिडी लावायची वेळ येऊ नये. सत्तरीतला मी गळती शोधत गच्चीवर रांगतो आहे, हे चित्र मला डोळे मिटले की दिसायचं. शेवटी मंगला, म्हणजे माझी बायको, वैतागली. "दुकानात काहून फिरून राहिले? तिथं तं सगळंच नवं असते. ज्यायच्या वास्तूचं जेवलो, त्यायच्या घरी जाऊन पाहा ना आता!"

मला हे पटलं. आपल्याकडे घर दाखवायचा मुहूर्त एकच, वास्तुपूजनाचा. रंग ओला असतो, नळ चकाकत असतात. आपण वांग्याची भाजी, पुरी, बुंदी हाणतो, मान वर करून 'वा!' म्हणतो आणि मठ्ठा पिऊन निघतो. दहा पावसाळ्यांनंतर या आणि मग बोला, असं आमंत्रण अजून कोणी छापलेलं नाही.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो. आम्ही वलगाव, दर्यापूर, म्हैसांग असा आतून अकोल्याला गेलो आणि परत मूर्तिजापूर-बडनेऱ्याच्या हायवेने आलो. आतला रस्ता काळ्या मातीवर आहे. ही माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते आणि वरचं डांबर तिच्या तालावर नाचतं. पोट नाजूक असेल तर पुढच्या सीटवर बसा. निघताना अमरावतीत दह्यातला गिला वडा खाऊन घ्या. दोघांचं शंभरात भागतं आणि दर्यापूरपर्यंत भूक लागत नाही. दोन्ही बाजूंना कापूस वेचणी चालली होती. बघण्यासारखं दृश्य होतं म्हणे. मी रस्त्याच्या कडेच्या घरांचे तडे बघत होतो.

पहिला मुक्काम वलगाव. मंगलाचा चुलतभाऊ सुधाकर दारातच भेटला.

"या, या जवाईबापू! आज कसं काय अचानक?"

"सहज. इकडून चाललो होतो," मी म्हणालो आणि नजर भिंतीवर गेली. वास्तूच्या दिवशी जिच्यापुढे सगळ्यांनी फोटो काढले होते ती हीच, चकचकीत टाइल्स चिकटवलेली दर्शनी भिंत. आता तिचे निम्मे दात पडले होते.

"भाऊजी, गाडी तिथं नका लावू," वहिनी आतून ओरडल्या. "मागं एक टाइल पडली तं दूधवाल्याची कॅन चेपली. तो आता फाटकातूनच दूध देते."

दाराची सागवानी चौकट मात्र झकास दिसत होती. मी कौतुकाने हात ठेवला आणि बोट आत गेलं.

"ते नुसता रंग हाय," सुधाकर शांतपणे म्हणाला. "आतलं लाकूड उधई खाऊन गेली. रंग तिले आवडत नाई."

चहा पिता पिता मी ठरवून टाकलं: दर्शनी भिंतीला साधं प्लास्टर, चौकटी ग्रॅनाइटच्या. एका घरात दोन निर्णय! मला बरं वाटलं. ते फार टिकलं नाही.

दर्यापूरला मंगलाची मावशी असते. निवृत्त शिक्षिका आहे. तिच्या घराला आम्ही वास्तूच्या पंगतीतच 'जिल्हा परिषदेची शाळा' असं नाव ठेवलं होतं. खाली कोटा फरशी, भिंतीला कमरेपर्यंत तीच फरशी, दगडी चौकटी, खिडक्यांवर हातभर बाहेर आलेले छज्जे. कसला साज नाही, शृंगार नाही. आज ते घर तसंच्या तसं होतं. कोटा तर वापरून वापरून आरशासारखा झाला होता. मी भिंतीला हात लावला, नखाने खरवडलं, वाकून वास घेतला.

"काय हुंगून राहिला गा?" मावशी म्हणाली. "भिंत हाय ते, भाजी नोय."

जेवताना ती घर बांधतानाच्या गोष्टी सांगत होती. खालची काळी माती काढून मुरूम भरला. छज्जे मोठे ठेवले. बांधकामाचं पाणीसुद्धा ट्रॅक्टरच्या टाकीने लांबून गोडं आणलं. "लोक हसले मले. घरी बोअर असून मास्तरीण पाणी विकत घेते म्हणत." मी मान डोलावत राहिलो. माझं सगळं लक्ष कोट्याच्या जाडीकडे होतं. मावश्या कोणताही विषय आपल्या कष्टांवर आणून सोडतात, हे मला पाठ होतं.

अकोल्यात मुक्काम प्रमोदकडे. हा माझा कॉलेजातला मित्र. आमच्या ओळखीतली सगळ्यात थाटाची वास्तू त्याची झाली होती. संगमरवर, परदेशी नळ, सगळ्यात महागडं सिमेंट आणि सळई. त्या पंगतीत आइस्क्रीमसुद्धा दोन प्रकारचं होतं. टिकाऊ घर कसं असतं ते इथे बघायचं, म्हणून ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

घर अजूनही देखणं आहे. फक्त दरवेळी आलो की छत थोडं खाली आल्यासारखं वाटतं. यावेळी तर प्रत्येक खोलीत पीओपीचं खोटं छत, त्यात निळे दिवे.

"हे कधी केलं?" मी विचारलं.

"फॅशन आहे," प्रमोद म्हणाला.

"फॅशन नाई न काई," रेखावहिनी पाणी देत म्हणाल्या. "स्लॅबचे पोपडे ताटात पडत होते. पावणे आले का मले धाक! आता वरच्या वर पडतात, नुसता आवाज येते."

"रेखा!"

"काहून? भाऊजी काय परके हायेत? ते घर बांधून राहिले. त्यायले तं सांगा."

प्रमोदने स्टूल आणलं आणि खोट्या छताच्या कोपऱ्यातली एक चौकोनी फळी सरकवली. मी मोबाइलचा उजेड आत टाकला. काँक्रीट गळून पडलं होतं आणि सळया उघड्या दिसत होत्या. त्या गंजून इतक्या फुगल्या होत्या की थरांथरांनी सुटत होत्या. हीच ती सगळ्यात महाग सळई.

मी खाली उतरलो आणि हात धुवायला बेसिनकडे गेलो. परदेशी नळावर पांढरा थर चढला होता. चूळ भरली. पाणी खारट होतं.

"प्रमोद, बांधकाम कोणत्या पाण्यात केलं होतं?"

त्याने आधी छताची फळी जागेवर सरकवली. मग म्हणाला, "याच. बोअर होताच ना घरचा. माल सगळा एक नंबर वापरला रे. पाण्याचा कोणी विचार करतं का?"

आपला अर्धा पूर्णाकाठ खारपाणपट्टा आहे, जमिनीखालचं पाणीच खारं, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्यायचं पाणी आपण कॅनने आणतो, वरण गोड्या पाण्यात शिजवतो. घराला मात्र जमिनीतून निघेल ते पाजतो आणि त्यातलं मीठ आतून सळईला गंज चढवतं.

मी मंगलाकडे बघितलं, तिने माझ्याकडे. दोघांनाही एकच आठवलं: आमचे पेढे. प्लॉटवरच्या बोअरला पाणी लागलं तेव्हा आम्ही नारळ फोडून अख्ख्या लेआउटमध्ये, शेजारच्या सगळ्या प्लॉटवाल्यांना, पेढे वाटले होते. पाणी जरा मचूळ होतं. "प्यायचं थोडीच आहे," असं मीच सगळ्यांना समजावलं होतं.

तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. "सोमवारच्या स्लॅबला पाणी कुठलं?"

"बोअरचं ना साहेब. पयले टँकर लावला होता. मंग तुमचा बोअर लागला, तं बंद केला. तुमीच तं पेढे चारले मले."

"म्हणजे पायव्याला टँकरचं?"

"हो साहेब."

"आणि कॉलमला?"

"ते... बोअर लागल्यावरचे हायेत."

त्या रात्री रेखावहिनींनी शेवभाजी केली होती. अकोल्याच्या शेवभाजीबद्दल इथे दोन परिच्छेद लिहायला हवेत, पण मला तिची चव आठवत नाही. झोपल्यावर छताच्या वर काहीतरी टपकन पडलं. मंगला अंधारात म्हणाली, "ऐकलं?" मी झोपल्याचं सोंग केलं.

रविवारी दर्शनं, बाजार, सगळं रद्द करून हायवेने परत निघालो. रस्ता लोण्यासारखा आहे, फास्टॅगमधून टोल कापला गेला तेवढाच काय तो खोळंबा. थेट प्लॉटवर गेलो. आमचे कॉलम उन्हात उभे होते. सरळ, राखाडी, निरोगी. ड्रममधल्या पाण्यात बोट बुडवून मी जिभेला लावलं. मचूळ नव्हतं, चक्क खारट होतं. पेढ्यांच्या दिवशी गोड तोंडाने चाखलं असणार.

सोमवारचा स्लॅब थांबवला. पाणी तपासायला दिलं. अहवाल बघून इंजिनीअर म्हणाला, "हे पाणी सळईजवळ नको. आता कॉलमचं म्हणाल तर, टिकतीलही कदाचित. पण मी खात्री देणार नाही."

मी त्या 'कदाचित'ला मिठी मारायला तयार होतो. वरून चांगलं वॉटरप्रूफिंग, उत्तम रंग असं काहीबाही मी बोलायलाही लागलो. मंगला मध्येच म्हणाली, "प्रमोदभाऊजींच्या घरी काय झोपून होते तुमी? मी तं नाई झोपली. तोडा ते कॉलम."

तोडले. काँक्रीट फोडणाऱ्या मशीनचा आवाज तुम्ही स्वतःच्या घरात ऐकू नये, एवढीच सदिच्छा. ग्रॅनाइट परवडेनासं झालं, तेव्हा चौकटी सिमेंटच्या होतील. दर्शनी टाइल्स तर वलगावलाच गेल्या होत्या. फरशी कोटाच. खोटं छत कुठल्याही खोलीत नाही. काही व्हायचं असेल तर ते आम्हाला आधी दिसलं पाहिजे, ही मंगलाची अट आहे. आता रोज टँकर येतो आणि मी ड्रायव्हरच्या देखत पाणी चाखतो. लेआउटमध्ये माझ्या डोक्याबद्दल बोलणं सुरू झालं आहे. मावशीला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "मी बोलली होती ना गा? तू फरशी हुंगून राहिला होता."

कॉलम नवे झाले. पायवा मात्र जमिनीखाली आहे आणि त्याच्या पाण्याबद्दल आमच्याकडे फक्त ठेकेदाराचा शब्द आहे. परवा मी त्याला पुन्हा विचारलं. "आईची आन साहेब, टँकरचंच," तो म्हणाला. हे म्हणताना तो माझ्याकडे बघत होता की बोअरकडे, हे आठवायचा मी रोज रात्री प्रयत्न करतो.

म्हणून ठरवलंय, वास्तूची पंगत नाही. दहा पावसाळे होऊ द्या, मग जेवायला या. वांग्याची भाजी, पुरी, बुंदी, सगळं असेल. जेवताना मान वर करून छताकडे निवांत बघा. 'वा' म्हणायची घाई करू नका. आधी ताटात काही पडतंय का ते बघू.