मिठाचा शेक

आमच्या सेक्टरमधलं नर्सिंग होम म्हणजे तळमजल्यावरचे दोन दुकानगाळे एकत्र करून केलेली जागा. पुढच्या गाळ्यात बाकं आणि काउंटर, मागे डॉक्टरांची केबिन, इंजेक्शनची खोली आणि थोड्या खाटा. आई तिथे सिस्टर होती. बारावीनंतरच्या सुट्टीत मी काउंटरवर बसायला लागले. डॉक्टरांना फोनवर इंग्रजी बोलणारं कुणीतरी हवं होतं आणि आईला मी घरात पुस्तक घेऊन गप्प बसलेली नको होते. काउंटरवरही मी गप्पच बसायचे, पण तिथे ते कुणाला खटकत नसे.

आईचा हात हलका आहे, असं सगळे म्हणायचे. घरी चपात्या लाटताना तो मला मुळीच हलका वाटत नसे, त्यामुळे हे कसं काय, याचा मला उलगडा होत नव्हता. काउंटरवर बसल्यावर झाला. इंजेक्शनच्या खोलीला नुसता पडदा होता. पेशंट आत गेला की आई विचारायची, ‘‘आज काय केलंय जेवायला?’’ पेशंट सांगू लागायचा, ‘‘गवारीची भा–’’ आणि तेवढ्यात ‘‘झालं, चोळा आता’’ असा आईचा आवाज यायचा. पुढची भाजी मला कधी ऐकायला मिळाली नाही.

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर खाडीकाठच्या दिवाळे गावची एक कोळीण मावरं घेऊन बसायची. आई तिच्याकडूनच मासळी घ्यायची. मी बरोबर असले की ती पाटीवरची ओली गोणी बाजूला सारत म्हणायची, ‘‘काय गो विंग्रजी बाय, तोंडान गुलनी धरलीस काय?’’ मी हसायचे. उत्तर सुचायचं, पण घरी पोचल्यावर.

त्या वर्षी तिला दम लागायला लागला. रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाची इंजेक्शनं लिहून दिली, एकाआड एक दिवस, कमरेत. ही इंजेक्शनं दुखतात आणि जागेवर कधीकधी गाठ धरते. एका दुपारी ती लंगडत आली आणि काउंटरला धरून उभी राहिली. ‘‘बसवत नाय गो,’’ ती म्हणाली. बाकं भरलेली होती, दोन बाळं रडत होती. आई केबिनमध्ये जाऊन विचारून आली. दार उघडंच होतं. डॉक्टर मान वर न करता लिहीत होते. ‘‘नॉर्मल आहे. शेक द्यायला सांगा.’’

‘‘शेक द्या, बरं वाटेल,’’ आईने तिला सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. कोळीण तशीच लंगडत पायऱ्या उतरून गेली.

काही दिवसांनी तिचा मुलगा आला. तो न्हावा शेव्याला बंदरावर कामाला होता. उंच, रुंद खांद्यांचा. बरोबर दोन मित्र. ‘‘तुमची सुई खराब होती,’’ तो बाकांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. ‘‘माझ्या आईला जखम झालीय. तिला उताणं झोपता येत नाय. कोन जबाबदार?’’

डॉक्टरांनी त्याला घाईने केबिनमध्ये घेतलं. त्यांच्या पत्नी, त्याही डॉक्टर, शेजारच्या खुर्चीत होत्या. आई हातात ट्रे घेऊन उघड्या दाराशी उभी होती. मॅडम इंग्रजीत, अगदी शांतपणे म्हणाल्या की सिस्टरचं नाव पुढे केलं तर हे इथेच मिटेल. डॉक्टरांनी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. मग मराठीत म्हणाले, ‘‘सिस्टरकडून निष्काळजीपणा झाला असेल. मी त्यांना इंजेक्शनवरून काढतो.’’

आईने ट्रे टेबलावर ठेवला. आवाज न करता ठेवला, एवढं मला आठवतं.

मुलगा गेल्यावर डॉक्टरांनी तिला आणखी एक गोष्ट बजावली. ‘‘त्यांच्या घरी वगैरे जायचं नाही, सिस्टर. एकदा सॉरी म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं होतं. आजकाल लोक लगेच कोर्टात जातात. पुढे काही झालं तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही.’’

‘‘बरं,’’ आई म्हणाली. आईच्या ‘बरं’चे प्रकार होते. हे कोणतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

घरी चालत येताना मी बराच वेळ धीर गोळा करत होते. आमच्या बिल्डिंगचं गेट दिसल्यावर म्हटलं, ‘‘आई, मॅडम इंग्रजीत काय म्हणाल्या, सांगू?’’

‘‘मला कळलं की. आमची ट्रेनिंगची पुस्तकं काय मराठीत होती?’’ ती चक्क हसली. ‘‘तुझ्या शाळेच्या आधीपासून येतं मला इंग्रजी. बोलायची वेळ येत नाही, एवढंच.’’

बाबा तुर्भ्याच्या मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे होते. जेवताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘‘म्हैनाभर गप बस,’’ ते साताऱ्याकडच्या त्यांच्या हेलात म्हणाले. ‘‘लोकं इसरत्यात. नोकरी ऱ्हाईल.’’

‘‘पण तिची जखम कोण बघतंय?’’ आई म्हणाली.

बाबांनी आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं मॅडम द्यायला लागल्या. आई मागच्या खाटेवर बसून कापसाचे बोळे करायची, चादरी बदलायची. पेशंट पडद्याआडून तिला शोधायचे. ‘‘त्या सिस्टर नाहीत?’’ मी म्हणायचे, ‘‘आहेत, पण आज मॅडम देतील.’’ आई सगळं ऐकत असणार. तिने केलेले बोळे इतके एकसारखे असायचे की बघवत नसे. घरी परत आल्यावर ती हात फार वेळ धूत बसायची, जणू दिवसभर त्या हातांनी काही केलंच नाही याची तिला लाज वाटत होती.

रविवारी तिने पिशवीत गॉझ, चिकटपट्टी आणि मलम भरलं आणि मला म्हणाली, ‘‘चल.’’ बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण ‘‘छत्री ने, ऊन हाय,’’ म्हणाले.

दिवाळ्यात ओहोटी लागलेली होती. होड्या चिखलात एका अंगावर कलंडून पडल्या होत्या आणि दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. आईने एकीला विचारून घर शोधलं. दार सुनेने उघडलं. माझ्याच वयाची असेल. मनगटभर हिरव्या बांगड्या. आम्हाला बघून ती दोन पावलं मागे सरली.

कोळीण चटईवर कुशीवर निजली होती. ‘‘आयलीस?’’ ती म्हणाली. ‘‘मना वाटलं, तू आता यायची नाय.’’

आईने हात धुतले आणि तिच्या पाठीशी बसून आधीचं फडकं सोडवलं. मी दाराकडे तोंड केलं, पण त्याआधी मला दिसलं होतं. सुईची जखम अशी नसते. तळहाताएवढी जागा भाजलेली होती आणि कडेने चिघळली होती. आई थबकली. मग नेहमीच्या आवाजात तिने विचारलं, ‘‘आज काय केलंय जेवायला?’’

‘‘करंदीचं काल–’’ कोळीण थांबली आणि हसली. ‘‘तुजा डाव मना ठाव हाय.’’ मग सुनेला म्हणाली, ‘‘जा गो, पाहुन्यांना पानी हान. थंड हान, शेजारच्या माठातलं.’’

सून बाहेर गेली. कोळिणीने तिच्या बांगड्यांचा आवाज लांब जाऊ दिला.

‘‘सुई नाय गो, सिस्टर. मीठ.’’

मग तिने सांगितलं. शेक द्यायला सांगितलंय म्हटल्यावर सुनेने खडे मीठ तव्यावर तापवलं, फडक्यात बांधलं आणि दाबून धरलं. ‘‘मना चटका बसला. पन मी बोल्ले नाय. पोर घरान नवी, पयल्यांदाच मना हात लावीत व्हती. मी म्हटलं, बरं वाटतंय. तिनं परत तापवून लावलं.’’

‘‘अहो, पण–’’ आई म्हणाली.

‘‘आयक तरी. मंग ही जखम झाली, न् बायांची तोंडं सुटली. सुनंनं सासूला भाजली, म्हनं. नळावर म्हनं, बाजारान म्हनं. पोर दोन दिस जेवली नाय. मंग मीच पोराला सांगितलं, दवाखान्याची सुई खराब.’’ तिने मान वळवून आईकडे बघितलं. ‘‘दवाखाना मोठा, डाक्टर मोठा. त्याला काय व्हतंय, म्हटलं. तुज्यावर पडंल, ह्ये माज्या ध्यानातच आलं नाय गो.’’

बाहेर कुणीतरी कुत्र्याला मासळीवरून हाकलत होतं. आईने गॉझ ठेवला, पट्टी लावली, कडा बोटाने दाबल्या. ती रागावेल असं मला वाटलं होतं. निदान मला तरी राग आला होता, आणि तो नेमका कुणाचा, ते ठरत नव्हतं.

‘‘मी नुसतं ‘शेक द्या’ म्हटलं,’’ आई म्हणाली. ‘‘कशाचा, किती गरम, काहीच सांगितलं नाही. पुढचा पेशंट बोलावला. तेवढं माझं चुकलं.’’

‘‘आन् मना तोंड नव्हतं? मी का नाय बोल्ले? तेवडं माजं.’’

‘‘आणि डॉक्टरांचं?’’ मी म्हणाले.

दोघींनी माझ्याकडे बघितलं. त्या घरात शिरल्यापासूनचं माझं ते पहिलं वाक्य होतं.

‘‘अगो, विंग्रजी बाय बोल्ली!’’ कोळीण हसायला लागली, तशी जखम ताणली गेली आणि ती ‘‘आय गो’’ म्हणून कण्हली, तरी हसतच राहिली. आईही हसली. माझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहून गेलं.

सून पाणी घेऊन आली. आईने तिला जवळ बसवलं. चुलीवरच्या पातेल्यातलं गरम पाणी मागितलं, फडकं बुडवून पिळलं आणि ते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरलं. मग सुनेचा हात हातात घेतला, बांगड्या वर सारल्या आणि तिच्या मनगटावर ठेवलं. ‘‘इथे सोसलं, तरच दुसऱ्याच्या अंगाला लावायचं. आता हिला शेक नकोच आहे, पण पुढे लागेल, लेकराला लागेल. लक्षात ठेव हं.’’ ती स्वयंपाक शिकवावा तसं सांगत होती. सुनेने मान खाली घातली. फडकं निवून गेलं तरी तिने ते मनगटावरून काढलं नाही.

त्यानंतर आई ड्यूटी संपली की दिवाळ्याला जायची. नर्सिंग होममध्ये कुणाला सांगितलं नाही. तिचं ते ‘बरं’ कोणतं होतं, ते मला आता कळलं होतं. कोळिणीने मुलाला काय सांगितलं कोण जाणे, पण तो पुन्हा आला नाही. आईचा ट्रे मात्र मॅडमकडेच होता. तक्रार करणारा आला नाही, म्हणून आईवरचा ठपका कुणी पुसला नव्हता.

जखम भरल्यावर एका सकाळी कोळीण आली. बरोबर सून होती आणि पिशवीत राहिलेल्या इंजेक्शनांचा खोका. मॅडमनी पडदा बाजूला करून बोलावलं. कोळीण बाकावरून हलली नाही.

‘‘मी त्या सिस्टरच्याच हातची घेनार.’’

मॅडमनी केबिनकडे बघितलं. डॉक्टर बाहेर आले. ‘‘अहो, तुमचीच तर तक्रार होती त्यांच्याबद्दल.’’

‘‘व्हती. सुई बरी व्हती, सायेब. शेक मीच जास्त घेतला. सोसत नव्हता, तरी बोल्ले नाय. पोराला उगीच धाडला.’’ शेजारी सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. कोळिणीने तिच्याकडे बघितलंही नाही.

आई कापूस हातात घेऊन मागच्या दारात येऊन उभी होती. ‘‘मीही नीट समजावून सांगितलं नव्हतं, सर,’’ ती म्हणाली. सगळ्या बाकांसमोर. डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली.

‘‘आन् तुमी,’’ कोळीण डॉक्टरांना म्हणाली, ‘‘त्या दिशी मना बघायला उठला नाय.’’

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. पापलेट कालचं आहे, हे ज्या आवाजात ती खरंखरं सांगायची, तोच आवाज. मी फोनकडे बघत राहिले, तो वाजावा म्हणून.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. सॉरी ते म्हणाले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी माझ्या कानावर आलं नाही. ते म्हणाले, ‘‘चला. आधी जखम दाखवा मला.’’ आणि स्वतः पडदा धरून उभे राहिले.

ते आत बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा ट्रे त्यांच्याच हातात होता. तो त्यांनी आईपुढे धरला. ‘‘दुसऱ्या बाजूला द्या, सिस्टर. आणि शेकाचं मी सांगतो त्यांना.’’

आईने कापूस माझ्या काउंटरवर ठेवला, हात धुतले आणि ट्रे घेऊन आत गेली. सून माझ्याजवळच्या बाकावर सरकून बसली. आम्ही दोघी पडद्याकडे बघत होतो.

‘‘आज काय केलंय जेवायला?’’

‘‘सांगत नाय, जा. तू आदी टोच.’’

सून तोंडावर पदर धरून हसली, आणि मीसुद्धा.