आकड्याचा उलटा बाक

चोपड्याला मी केळीचा घड कापता कापताच झेलणारा विळा केला आणि पेटंट घेणारच म्हणून जळगावच्या वकिलाकडे गेलो. त्यांनी परदेशातल्या एका जुन्या पेटंटमधलं चित्र काढलं. त्यात विळाही होता, खाली झेलणारा आकडाही.

"माझ्या आकड्याला उलटा बाक शे, साहेब. घड सटकत नाही."

"आबा, हे चित्र पाहून साध्या लोहारालाही तो बाक सुचला, तर पेटंट मिळणार नाही."

"मग विचारा ना कोणालाही."

वकील मला रावेरला, माझा विळा कधी न पाहिलेल्या एका लोहाराकडे घेऊन गेले आणि त्यांनी त्याला ते चित्र दाखवलं. यातून घड सटकतो, एवढंच सांगितलं. त्याने भाता न थांबवता राखेत बोटाने रेघ ओढली. माझाच बाक.

"यात विचार काय करायचा, आबा?" लोहार म्हणाला.

मी दोन वर्षं जे शोधलं, ते त्याच्या बोटात आधीच होतं. अर्ज सोडला, पण देवापुढे राहावं तसा त्या राखेपुढे उभा राहिलो.