प्रश्न सांगणारी सासू

कोर्टातल्या पट्टेवाल्याचं कांडीमावशींकडे पहिल्यांदा लक्ष गेलं, ते त्या चुकीच्या बाकावर बसल्या म्हणून. मेलेल्या माणसाच्या नातलगांनी डावीकडे बसायचं आणि आरोपीच्या नातलगांनी उजवीकडे, असा लेखी नियम कुठे नव्हता. पण हाणामाऱ्या निस्तरून कंटाळल्यावर पट्टेवाल्याने स्वतःच ती शिस्त लावली होती. काटकुळ्या बांध्याची, साठी ओलांडलेली ही बाई कापडी पिशवी घेऊन आली ती सरळ उजवीकडच्या पुढच्या बाकावर जाऊन बसली.

"मावशी, तुम्ही कोणाच्या?"

"मुलीची आई."

"मग तिकडे बसा. ही आरोपीची बाजू."

"त्याचं कोणी आलंय का?"

पट्टेवाल्याने रिकाम्या बाकाकडे पाहिलं. "नाही."

"मग जागा आहे की," मावशी म्हणाल्या. "आणि इथून पिंजरा समोर येतो."

पोटच्या पोरीला मारणाऱ्याचं तोंड हिला डोळे भरून बघायचं असेल, बघू दे, असं मनाशी म्हणत पट्टेवाला दाराशी गेला. त्याचा अंदाज उलटा होता. मावशींना जावयाचं तोंड बघायचं होतंच. पण त्याहून जास्त, जावयाला त्यांचं तोंड दिसायला हवं होतं.

हे समजायला मावशींचा कारखाना माहीत हवा. मावशी लहान वयात कापडाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागल्या, आणि तब्येतही कांडीसारखीच, म्हणून हे नाव पडलं. पुढे त्या माग चालवायला लागल्या तरी नाव तेच राहिलं. त्या लांबलचक शेडमध्ये माग सुरू झाले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे. तरी दिवसभर गप्पा चालत, थट्टा चालत, भांडणंही होत, आणि ती सगळी ओठांवर. आवाज न काढता प्रत्येक शब्द तोंडाने नीट घडवायचा, समोरच्याने तो वाचायचा. शेडच्या या टोकाला भाजीचा भाव निघाला की त्या टोकाला नाकं मुरडली जायची. एवढंच की, बोलायचं तर समोरच्याकडे तोंड करून बोलायचं. पाठ फिरवली की संवाद संपला.

मावशींची लेकही तिथेच कामाला लागली. बाहेर आली की तिचा आवाज असा चढा लागायचा की सगळे तिला 'भोंगा' म्हणत. तिच्यापासून चार माग सोडून एक दांडगा, लाजाळू पोरगा काम करायचा. एके दिवशी त्याने सगळा धीर गोळा करून, ओठांनीच, तिला लग्नाचं विचारलं. भोंगा तेव्हा तुटलेला धागा जोडत होती, तिची मान खाली. ते वाक्य तिच्याआधी वाचलं ते शेडच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मावशींनी.

"हो म्हणते ती!" मावशींनी तिथूनच ओठांनी सांगून टाकलं. पोरगा लाजून मागाच्या मागे दडला आणि अख्खी शेड हसून लोटपोट झाली. पुढे कितीतरी दिवस भोंगा आईला चिडवायची, "माझ्या नवऱ्याला होकार तू दिलास, तूच सांभाळ त्याला."

लग्नानंतर चारचौघांत मावशी त्याला 'जावईबापू, तुम्ही' म्हणायच्या. ओठांनी बोलताना मात्र 'अरे-तुरे'च चाले. तोही त्यांना सासूबाई कधी म्हणाला नाही. त्याच्या त्या मावशीच राहिल्या.

मागांनी हळूहळू त्याचे कान खाल्ले. ही गोष्ट त्याने बायको आणि सासू सोडून कोणाला कळू दिली नाही. कारखान्यात तर काही अडत नव्हतं. बाहेर कोणी बोललं आणि तोंड दिसलं तर तो वाचायचा. नाही दिसलं तर हसून "हो" म्हणायचा. दुकानदाराला हो, शेजाऱ्याला हो. "नाही म्हटलं की लोक पुन्हा विचारतात," तो म्हणायचा, "हो म्हटलं की निघून जातात." या 'हो'पायी एकदा त्याच्या घरी नको असलेला लोखंडी पलंग येऊन पडला होता.

दोघं बँकेजवळच्या एका शांत इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेली. खालच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या एक बाई राहत. त्यांना रोज वरून आरडाओरडा ऐकू यायचा. नवरा-बायको भांडतात, यापलीकडे त्या बिचारीने काय समजावं? प्रत्यक्षात भोंगा विचारत असायची, "आमटीत मीठ आहे का बरोबर?"

एका संध्याकाळी भोंगा जिन्यावरून पडली आणि डोकं फुटून जागीच गेली. आरडाओरडा ऐकून शिकवणीवाल्या बाई दार उघडून बाहेर आल्या, तर वरच्या पायरीवर तो उभा, दोन्ही हात पुढे पसरलेले. पोलीस आले. गर्दीत अधिकाऱ्याने खाली पडलेल्या बाईकडे बघत त्याला विचारलं, "तू ढकललंस का हिला?" तो म्हणाला, "हो." चारचौघांनी ते ऐकलं.

मावशींचा थोरला मुलगा दुसऱ्या पेठेत रंगाचं दुकान चालवायचा. बहिणीवर त्याचा फार जीव. आई तुरुंगात डबा घेऊन जाते हे कळलं तेव्हा तो दारातच उभा राहिला, आत आला नाही.

"आई, तू कोणाला जेवू घालतेस?"

"जावयाला."

"त्याने कबूल केलंय! लोकांसमोर हो म्हणालाय तो."

"अरे, तो सगळ्यालाच हो म्हणतो. पलंग आठवतो ना?"

"पलंग आणि खून एकच का? आणि तूच चुकत असलीस तर? तर रोज तू तिच्या मारेकऱ्याला गरम भाकऱ्या करून नेतेस. जमेल तुला हे पचवायला?"

मावशी डब्याचं झाकण लावत राहिल्या. डबा त्या तुरुंगाच्या फाटकावर देऊन यायच्या, पण आत भेटायला जाऊन जावयाला तो एक प्रश्न विचारायची हिंमत अजून झालेली नव्हती. उत्तर नको ते निघालं तर लेकीबरोबर हाही जायचा, आणि आपण त्याला दिलेला तो होकारही मातीत जायचा. थोरला पायऱ्या उतरून गेला, त्यानंतर बरेच दिवस आलाच नाही.

तुरुंगातली भेटीची खोली म्हणजे नुसता कल्लोळ. मध्ये दुहेरी जाळी, दोन्हीकडे माणसांची दाटी, आणि जो तो दुसऱ्याच्या वरताण ओरडतोय. कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, बायका रडतात, शिपाई काठी आपटतो. शेवटी एकदा भेटीला गेल्यावर त्या गोंधळात पाऊल ठेवताच मावशींचे खांदे सैल झाले. हा तर कारखानाच होता. जाळीपलीकडून जावयाने त्यांच्याकडे पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहराही मोकळा झाला.

त्या दिवशी मावशींनी विचारलं. आवाज न काढता, एकेक शब्द नीट घडवून. "तू ढकललंस का रे तिला?"

त्याने मान हलवली. 'हो'ची नव्हे. मग तो बोलू लागला, आणि खोलीभरच्या गलक्यात फक्त मावशींनी ते ऐकलं.

"ती कपड्यांची बादली घेऊन खाली चालली होती. मी मागे होतो. ती काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. मी म्हटलं, काय? मग ती थांबली आणि वळली. माझ्याकडे तोंड केलं. पायरी मागे होती, मावशी. तिने मागे पाऊल टाकलं."

"काय म्हणत होती?"

"येताना साबण आण."

मावशींनी जाळी धरली. लेक कशी वळली असेल ते त्यांना स्वच्छ दिसलं. बोलायचं तर समोरच्याकडे तोंड करून बोलायचं, हे त्यांनीच तिला मागावर उभं करताना शिकवलं होतं. आयुष्यात त्या पहिल्यांदा बोलता बोलता तोंड फिरवून उभ्या राहिल्या, कारण डोळ्यांतलं पाणी त्याला दाखवायचं नव्हतं. मग पुन्हा वळल्या.

"आणि पोलिसाला हो का म्हणालास?"

"तो काय म्हणाला मला माहीतच नाही. तो खाली बघत होता."

"मग सांग ना तुझ्या वकीलबाईंना, तुला ऐकू येत नाही म्हणून!"

त्याने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. "नको. बहिऱ्याला कामावर कोण ठेवेल?"

"अरे माझ्या कर्मा," मावशी एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की शिपायानेही वळून पाहिलं, "फासावर लटकल्यावर कोणत्या पाळीला जाणार आहेस?"

सरकारने जावयाच्या बाजूने नेमून दिलेल्या वकीलबाई तरुण होत्या, कामाच्या ओझ्याखाली वाकलेल्या. मावशींनी त्यांना गाठून सांगितलं. वकीलबाईंचा पटकन विश्वास बसेना. "माझ्याशी तर तो व्यवस्थित बोलतो."

"तुम्ही त्याच्याकडे बघून बोलता, बाई. चांगल्या संस्काराच्या आहात."

वकीलबाईंनी कानाच्या तपासणीसाठी अर्ज करायचं ठरवलं. पण त्याआधीच जावयाच्या स्वतःच्या साक्षीचा दिवस आला.

सरकारी वकिलांना फेऱ्या मारत प्रश्न विचारायची सवय होती. खिडकीकडे तोंड करून ते म्हणाले, "तुमचं पत्नीशी रोज भांडण होत असे, खरं ना?" पिंजऱ्यात जावयाच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं, कसनुसं हसू उमटलं आणि मान खाली झुकायला लागली. मावशींनी बाकावरूनच प्रश्न ओठांवर घेतला. जावयाची नजर त्यांच्यावर गेली, मान थबकली. "नाही साहेब," तो म्हणाला.

पुढचा प्रश्नही असाच पोचला, त्याच्या पुढचाही. मग सरकारी वकील थांबले, आरोपी कुठे बघतोय ते त्यांनी पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "ही बाई आरोपीला उत्तरं पुरवतेय!"

कोर्टात कुजबुज उठली. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "उभ्या राहा. तुम्ही उत्तरं सांगताय त्याला?"

मावशी उभ्या राहिल्या. "उत्तर नाही साहेब. प्रश्न सांगतेय."

कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "बाहेर जा," ते म्हणाले.

पट्टेवाल्याने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं आणि दार लावून घेतलं. मावशी बाहेरच्या बाकावर बसल्या. आता आत कोण कुठे तोंड करून काय विचारेल आणि तो कशाकशाला हो म्हणेल, या विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला. दाराला काचही नव्हती.

"मावशी, मला वाटलं होतं तुम्ही त्याला शाप द्यायला येता," पट्टेवाला म्हणाला.

"दिले असते. पण लेक रागावली असती."

त्याने आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, पण प्यायचं लक्षात राहिलं नाही.

आत काय झालं ते वकीलबाईंनी बाहेर आल्यावर सांगितलं. मावशी गेल्यावर न्यायाधीश बराच वेळ समोरचे कागद चाळत राहिले होते. मग मान वर न करता, साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुमची पत्नी आता हयात आहे का?"

तो हसून म्हणाला, "हो."

सरकारी वकील खाली बसले. आपण काय म्हणालो हे जावयाला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. तो फक्त मावशी गेल्या त्या दाराकडे बघत होता.

मावशींनी गार झालेला चहा बाकावर ठेवला आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा, परक्या माणसांसमोर, मनसोक्त रडून घेतलं.

कानांची तपासणी झाली. कबुलीला काही अर्थ उरला नाही. पुढे बऱ्याच तारखा पडल्या आणि निकाल लागला. त्यात 'निर्दोष' असं कुठे म्हटलं नव्हतं, संशयाचा फायदा देऊन सुटका, एवढंच. पण मावशींना जे कळायचं होतं ते जाळीपाशीच कळलं होतं. जावयाला त्यांनी थेट आपल्या खोलीवर आणलं.

आठवड्याने शिकवणीवाल्या बाई दारात आल्या. "मी कोर्टात खोटं नव्हते हो बोलले," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या.

"तुम्ही ऐकलंत तेच सांगितलंत, बाई. ती दोघं ओरडायचीच. या, आत बसा."

जावयाला त्या म्हणाल्या ते काहीच कळलं नव्हतं. पण या खेपेला तो हो म्हणाला नाही. "पुन्हा सांगता का? मला कमी ऐकू येतं," तो म्हणाला. असं म्हणायला मावशींनी त्याला आठवडाभर बजावून बजावून शिकवलं होतं.

थोरला निकालाला आला नव्हता. आता तो अधूनमधून येतो, आईशी बोलतो. मेहुण्याशी अजून बोलत नाही, पण मागच्या वेळी निघताना त्याच्याकडे तोंड करून म्हणाला, "येतो."

जावयाला एका गोदामात काम मिळालं आहे, कानाला यंत्र आहे. मावशींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या आठवड्यात झालं. त्यांच्या डोळ्यात औषध घालायला तो सध्या दुपारच्या सुटीत घरी येऊन जातो.